स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप: रँक खेळणाऱ्या मुंबईकरासाठी निवडीपासून बिलापर्यंत

इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या की मुंबईतल्या घराघरांत एकच विषय निघतो, लॅपटॉप. आईबाबांच्या लेखी तो कोडिंग आणि असाइनमेंटसाठी, पोराच्या लेखी व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळांसाठी. दोन्ही कामं एकाच मशीनवर होतात, त्यामुळे तिथे वाद नसतो. वाद होतो तो बजेटवर. साठ-सत्तर हजार ठरलेले असतात, फार ताणले तर ऐंशी, आणि शोरूममधला मुलगा म्हणत असतो, "अजून दहा टाका ना, ४०५० येईल."

४०५० म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्ड, खेळाचं चित्र बनवणारी चिप. ते दहा हजार टाकायचे का, आणि टाकायचे तर कशावर, हे या लेखात बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धेच्या ऑनलाइन खेळात ग्राफिक्स कार्डाच्या नावाला लोक देतात तेवढं महत्त्व नसतं, आणि जाहिरातीत नेमकं तेच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. गोष्टीवाले, देखण्या ग्राफिक्सचे खेळ खेळायचे असतील तर हिशेब वेगळा. तो इथे मांडलेला नाही.

खेळाची भूक किती ते आधी बघा

व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमच्या (पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांच्या) पुढे खेळण्यासाठी रायट कंपनीने जे ग्राफिक्स कार्ड सुचवलं आहे ते आहे जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचं. आज बाजारातल्या सगळ्यात स्वस्त गेमिंग लॅपटॉपमधलं कार्डसुद्धा त्याच्या पुढे आहे. मग ४०५०वाला लॅपटॉप घेऊनही पोरं "फ्रेम ड्रॉप होतायत रे" म्हणून वैतागतात ती का?

कारण सरासरी फसवते. अ‍ॅसेंटवर (व्हॅलोरंटच्या एका नकाशावर) बी साइटला धूर पसरलाय, दोन फ्लॅश फुटलेत, स्पाइक म्हणजे बॉम्ब लागलाय आणि समोरून तिघं एकदम आत घुसतात. एरवी २२० दाखवणारा फ्रेमचा काउंटर त्या दोन सेकंदांत ९० वर येतो, माउस जड झाल्यासारखा वाटतो आणि गोळी बाजूने जाते. राउंड तिथेच जातो. बाकीचा वेळ २२० होते की २८०, याने काही फरक पडत नाही. या खालच्या टोकाच्या आकड्याला खेळाडू 'वन पर्सेंट लो' म्हणतात. यूट्यूबवर रिव्ह्यू बघताना सरासरी सोडून हा आकडा शोधा. जो रिव्ह्यूवाला तो दाखवतच नाही, त्याचा व्हिडिओ तुमच्या कामाचा नाही. हा आकडा वर धरून ठेवण्याचं काम मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम करतात. ग्राफिक्स कार्डाचा नंबर त्यानंतर लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला सीएस२ व्हॅलोरंटपेक्षा जड आहे. त्यातला धूर त्रिमितीय असतो, गोळी किंवा ग्रेनेडने तो फाटतो, आणि त्याचा हिशेब करताना ४ जीबी मेमरीचं कार्ड धापा टाकतं. सीएस२ हाच मुख्य खेळ असेल तर ६ जीबीच्या कार्डापासून सुरुवात करा. एपेक्स आणि फोर्टनाइट त्याहून जास्त मागतात. बीजीएमआयसाठी मात्र लॅपटॉप घेऊ नका. तो फोनचा खेळ आहे, तो फोनवरच खेळा.

मॅकबुकचा विचार चालू असेल तर इथेच थांबा. व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही, सीएस२ही नाही. लिनक्सवर सीएस२ चालतो, पण व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही चीटिंग रोखणारी यंत्रणा विंडोजशिवाय चालत नाही. विंडोज ११ वर तिला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. म्हणून 'डॉस' लिहिलेला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप पाच हजारांनी स्वस्त दिसला तरी त्यात अस्सल विंडोजचे पैसे मिळवा, मगच तुलना करा.

प्रोसेसरच्या नावातली मेख

व्हॅलोरंटची फ्रेम प्रोसेसरवर ठरते, आणि प्रोसेसरच्या नावांचा घोळ कंपन्यांनी असा करून ठेवलाय की दुकानदारालाही नीट सांगता येत नाही.

इंटेलमध्ये कोअर आय५-१२४५०एच घ्या. चार मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), चार छोटे, १२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. त्यानंतरचा १३४२०एच म्हणजे तेच चार अधिक चार, तेवढीच कॅश, वेग ४.६. आणि 'कोअर ५ २१०एच' या नव्या नावाने येतो त्यातही चार अधिक चार आणि १२ एमबीच, फक्त वेग ४.८. तीन वेगळ्या पिढ्यांची नावं, आतली मांडणी एकच. यातला कुठलाही चालेल, पण नावातल्या नवेपणासाठी सात-आठ हजार जास्त मोजू नका. खरा फरक पडतो तो १३४५०एचएक्सपासून. त्यात मोठे कोअर सहा आणि कॅश २० एमबी. ऐंशीच्या आत एचएक्स मिळत असेल आणि बाकीचं सगळं जुळत असेल, तर ते जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

एएमडीच्या रायझन ७००० आणि ८००० मालिकांमध्ये चार आकड्यांतला तिसरा आकडा वाचायला शिका. तो आकडा चिपची खरी पिढी सांगतो. ७५३५एचएसमध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३ घराण्यातली जुनी चिप. ७४३५एचएस आठ कोअरचा असला, वर 'रायझन ७' असं भारदस्त नाव लावून आला, तरी तोही झेन ३च्याच घरातला. ७८४०एचएस, ८६४५एचएस, ८८४५एचएस यांत तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. पहिल्या आकड्याने फक्त कोणत्या वर्षाच्या यादीत नाव घातलं तेवढं कळतं. जुनी चिप वाईट असते असं नाही. ७५३५एचएस व्हॅलोरंटला १४४ वर आरामात ठेवतो. पण ती जुन्याच भावात मिळाली पाहिजे.

७४३५एचएसबद्दल आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. त्यात आतलं छोटं ग्राफिक्स नाहीच. वर्डची फाइल उघडली तरी एनव्हिडियाचं कार्ड जागं, त्यामुळे बॅटरी लवकर संपते. कॉलेजात चार्जरची जागा मिळवायची मारामारी असेल तर हा टाळा. घरीच, चार्जर लावून खेळणार असाल तर हरकत नाही.

नावाच्या शेवटी 'यू' असलेला प्रोसेसर सोडून द्या.

रॅमच्या दोन पट्ट्या

सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही हिच्याकडेच. बॉक्सवर '१६ जीबी' लिहिलेलं असतं. आत १६ ची एक पट्टी आहे की ८ च्या दोन, ते लिहिलेलं नसतं. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरला मेमरीपर्यंत जायला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या खेळात याचा परिणाम सरासरीपेक्षा त्या खालच्या टोकाच्या आकड्यावर जास्त दिसतो, म्हणजे नेमका जिथे आपल्याला हवा तिथे.

दुकानात हे विचारलंत की हमखास उत्तर येतं, "सर, हे डीडीआर५ आहे, एकाच पट्टीत ड्युअल चॅनल असतं." वाक्य अर्धं खरं आहे. डीडीआर५च्या एका पट्टीत दोन चॅनल असतात, पण प्रत्येकी ३२ बिटांचे. दोन्ही मिळून ६४, म्हणजे डीडीआर४च्या एका पट्टीएवढेच. १२८ हवे असतील तर दुसरी पट्टी लागते.

तपासायला अर्धं मिनिट पुरतं. डिस्प्लेवरच्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ दिसते. तिथे '२ ऑफ २' असेल तर उत्तम. '१ ऑफ २' असेल तर दुसऱ्या पट्टीचा खर्च आत्ताच हिशेबात धरा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवता येईल का, तेही विचारून ठेवा.

"आत्ता ८ जीबी घे, पुढे वाढव" हा जुना सल्ला आता विसरा. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे भडकलेत की नंतर वाढवणं महागात पडतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा माल उचललाय की त्याची झळ लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या गिऱ्हाइकालाही बसते. आज दोन पट्ट्यांसह मिळणारा लॅपटॉप दोन-तीन हजारांनी महाग असला तरी तोच घ्या.

आता ग्राफिक्स कार्ड

लॅपटॉपच्या कार्डांत नावाइतकेच वॅट महत्त्वाचे असतात. आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊन बसवायची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०५० यांचं नाव एक, काम वेगळं. तळमजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा नळ एकाच कंपनीचा असला म्हणून पाण्याचा जोर सारखा नसतो, तसंच हे.

वॅट कळतात कसे? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' शोधा. चालू मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथेही दिसतं. काहीच मिळालं नाही तर चार्जर उलटा करून त्यावरचे वॅट वाचा. १३५ वॅटच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप प्रोसेसर, पडदा आणि ११५ वॅटचं कार्ड एकाच वेळी पोसू शकणार नाही, हे साध्या बेरजेनेही कळतं.

नावांपैकी आरटीएक्स २०५० फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्यांसाठी, तेही बजेट फारच आवळलेलं असेल तर. ३०५० दोन प्रकारांत येतं, ४ जीबी आणि ६ जीबी. लॅपटॉपमधल्या ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच जास्त नाही, आतले कोअरही २०४८ ऐवजी २५६० आहेत. म्हणून ३०५० घ्यायचं तर ६ जीबीचंच. ४०५० मध्येही ६ जीबीच मिळतात, पण ते स्पष्टपणे वेगवान आहे. २०२५ मध्ये आलेल्या ५०५० मध्ये ८ जीबी आहेत. सीएस२ बरोबर एपेक्सही खेळायचा असेल आणि ऐंशीच्या आसपास ते मिळालं तर चांगलंच.

जाहिरातीतल्या 'दुप्पट एफपीएस, चौपट एफपीएस' (एफपीएस म्हणजे सेकंदाला फ्रेम) या दाव्यांना भुलू नका. ते फ्रेम जनरेशनचे आकडे असतात. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः बनवलेल्या फ्रेम घालतं. चित्र मऊ दिसतं, पण तुमची क्लिक त्या बनावट फ्रेममध्ये पोचत नाही, उलट थोडा उशीरच वाढतो. व्हॅलोरंटमध्ये तर डीएलएसएसची, म्हणजे एनव्हिडियाच्या या फ्रेम वाढवणाऱ्या तंत्राची, सोयच नाही.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न. ३०५० ६ जीबी, दोन पट्ट्या आणि चांगला पडदा असलेला लॅपटॉप पासष्टला मिळतोय आणि एका पट्टीचा, मंद पडद्याचा ४०५० पंचाहत्तरला, तर व्हॅलोरंट खेळणाऱ्याने पासष्टवाला घ्यावा. उरलेल्या दहातले हजार-दीड हजार चांगल्या वायरच्या माउसवर घालावेत. लॅपटॉपच्या टचपॅडवर कोणी रँक चढलेलं नाही. बाकीच्या पैशांचं काय करायचं ते पुढे येतंच.

पडदा

६० हर्ट्झच्या पडद्यावर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर दर ६.९ मिलिसेकंदांनी. ही उडी कोणालाही जाणवते. विश्वास बसत नसेल तर अंधेरी-ठाण्याकडच्या एखाद्या गेमिंग कॅफेत तासभर बसून या. १४४ वरून २४० वर गेल्यावर दोन चित्रांमधलं अंतर ४.२ मिलिसेकंदांवर येतं. त्या उडीला पैसे जास्त लागतात आणि फरक कमी कळतो. या बजेटमध्ये १४४ किंवा १६५ पुरे.

हर्ट्झचा आकडा मोठा असला म्हणून पडदा चांगला ठरत नाही. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) दिसलं की सावध व्हा. हे पॅनेल फिके असतात, आणि अशा स्वस्त पॅनेलचे पिक्सेल बऱ्याचदा इतक्या सावकाश रंग बदलतात की १४४ हर्ट्झवरसुद्धा पळणाऱ्या माणसामागे धुरकट शेपूट राहते. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं पॅनेल मिळालं तर त्याला झुकतं माप द्या.

एमयूएक्स स्विच आहे का ते विचारा. तो नसेल तर एनव्हिडियाच्या कार्डाने बनवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडून फिरून पडद्यावर येते. फ्रेम जितक्या जास्त तितका हा वळसा महाग पडतो, आणि आपला सगळा कारभार जास्त फ्रेमचाच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट मात्र थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. म्हणून दुसरा मार्ग उरतो. पडदा बरा नसला तरी लॅपटॉप घ्यायचा आणि घरी दहा हजारांच्या आसपासचा २४ इंची, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर लावायचा. त्या उरलेल्या पैशांचं मी हेच करेन. पोर्ट एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचं असल्याची खात्री करा. १.४ असेल तर फुल एचडीवर १२० हर्ट्झलाच गाडी अडते. वन-आरकेत मॉनिटरला जागा कुठली, हा प्रश्न खरा आहे. भिंतीवर ब्रॅकेट लावला तर टेबल मोकळं राहतं.

लॅपटॉप कॉलेजात न्यायचाच नसेल, तर तेवढ्याच पैशांत लॅमिंग्टन रोडवरून पीसी जोडून घ्या. फ्रेम जास्त मिळतात, नंतर भागही बदलता येतात.

मुंबईत असल्याचा फायदा, आणि तोटा

फायदा मोठा आहे. व्हॅलोरंट आणि सीएस२ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. काचेच्या तारेत प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. इथून सिंगापूर जवळपास ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद कोणालाच चुकत नाहीत, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. दादर किंवा डोंबिवलीहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत चांगल्या फायबरवर वायरने पिंग, म्हणजे हाच जाऊन-येऊन लागणारा वेळ, एक आकडी राहू शकतं.

या फायद्यावर पाणी पडतं ते वाय-फायमुळे. एका मजल्यावर आठ घरं आणि प्रत्येक घरात राउटर. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. रात्री नऊनंतर सगळे एकदम ऑनलाइन येतात आणि पिंग ८ वरून ८० वर उड्या मारायला लागतं. केबलवाल्याला दोष देण्याआधी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाका. त्यासाठी लॅपटॉपला लॅनचं पोर्ट हवं, आणि पातळ मॉडेलांतून ते हल्ली गायब होतंय. वायर शक्यच नसेल तर राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडून त्याच खोलीत बसा. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतल्याने पिंग सुधारत नाही. खेळाला डेटा फार थोडा लागतो.

तोटा म्हणजे उकाडा. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच गरम हवा आत ओढतो. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि तिसऱ्या-चौथ्या मॅचपासून फ्रेम घसरतात. त्यामुळे दहा मिनिटांच्या बेंचमार्कवर विसंबू नका, अर्ध्या तासानंतरचे आकडे दाखवणारा रिव्ह्यू शोधा. या बाबतीत पातळ लॅपटॉपपेक्षा जाड बरा. गादीवर ठेवून खेळणं बंद करा. मागच्या बाजूने दोन-तीन सेंटीमीटर उचला, आणि रस्त्यालगतचं घर असेल तर वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्या.

वजनाचं काय? असे लॅपटॉप दोन ते अडीच किलोंचे, वर अर्ध्या किलोच्या पुढचा चार्जर. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ती बॅग पोटाशी धरून कल्याण ते दादर उभं राहून बघा, मग ठरवा. चार्जर घरी ठेवता येत नाही, कारण बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालतच नाही.

खरेदीचा दिवस

दुकानात मॉडेलचं नाव चालत नाही, पूर्ण कोड लागतो. नायट्रो, टफ, व्हिक्टस, एलओक्यू ही घराण्यांची नावं आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळे प्रोसेसर, पडदे आणि वॅटचे लॅपटॉप विकले जातात. संवाद साधारण असा होतो:

"दादा, हा पण तोच आहे. फक्त कलर वेगळा."

"असू दे. बॉक्सवरचा स्टिकर दाखवा ना जरा."

स्टिकरवर बारीक अक्षरांत लांबलचक कोड असतो, शेवटी दोन-तीन अक्षरं. फोनमध्ये तो तस्साच टाकून कंपनीच्या वेबसाइटवर पडदा, वॅट आणि रॅम तपासा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. सत्तर हजार तुमचे जातायत.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला चालत पाच-सात मिनिटांवरच्या लॅमिंग्टन रोडवर भाव तोडून मिळतो. पण बिल न घेता दोन हजार वाचवायची ऑफर आली तर नको म्हणा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो बॉक्सवरच्या व मशीनच्या पोटावरच्या नंबराशी तिथेच जुळवा. क्रोमा, विजय सेल्स अशा ठिकाणी भाव थोडा जास्त वाटतो, पण बँकेच्या कार्डावरची सूट धरली की बरेचदा बरोबरी होते. आधी ऑनलाइन भाव फोनवर उघडून दाखवा, मग बोला. स्वातंत्र्यदिन आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सूट जास्त असते. थांबणं परवडत असेल तर थांबा.

'नो कॉस्ट ईएमआय' पूर्ण फुकट नसतो. प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बँक वेगळा लावते. डिस्प्लेवर महिनोन्‌महिने चालू असलेला पीस 'शेवटचा आहे, घेऊन जा' म्हणून गळ्यात मारत असतील तर चांगली घसघशीत सूट असल्याशिवाय घेऊ नका. दिवसभर चालून त्याची बॅटरी थकलेली असते.

वॉरंटी ऑनसाइट आहे की सर्व्हिस सेंटरला घेऊन जायचं, हे विचारा. विरार किंवा बदलापूरला राहणाऱ्यासाठी हा फरक म्हणजे अख्खी एक सुट्टी. पोरगं धांदरट असेल तर पडझडीचं संरक्षण घ्या. मॉडेल ठरलं असेल तर इतर वाढीव योजनांवर पैसे घालायची घाई नको. बऱ्याच कंपन्यांत त्या पहिल्या वर्षात कधीही घेता येतात.

घरी आणल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दिसेल असा.

मग सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून १४४ हर्ट्झ निवडलंय का ते बघा. १४४चा पडदा विकत घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारी मुलं भरपूर आहेत. विंडोज आणि एनव्हिडियाचे ड्रायव्हर अपडेट करा. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मोड लावा आणि एमयूएक्स असेल तर थेट एनव्हिडियावर टाका. व्हॅलोरंटने सिक्युअर बूटची तक्रार केली तर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. खेळात रिफ्लेक्स (उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सोय) चालू ठेवा, बाकी ग्राफिक्स लो. मोठमोठे प्रो खेळाडूही लोवरच खेळतात, त्यात कमीपणा काही नाही. मे महिन्यात तापमान फार चढत असेल तर फ्रेमना १६० च्या आसपास लगाम घाला. मशीन थंड राहतं आणि त्या धुराच्या क्षणी फ्रेम कमी कोसळतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सलग दोन तास खेळा. पडद्याच्या कडेने पांढरा उजेड झिरपतोय का, एखादा पिक्सेल मेलाय का, पंख्याचा घासल्यासारखा आवाज येतोय का, सगळं याच काळात बघा. बदलून मिळण्याची मुदत दुकानागणिक वेगळी असते आणि ती संपली की बदलीऐवजी दुरुस्तीच पदरात पडते.

शेवटी कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची तारीख कधीकधी तुमच्या बिलाच्या आधीची दाखवतात. तसं असेल तर बिलाची प्रत पाठवून ती दुरुस्त करून मागा, आणि बिलाचा फोटो ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरं मुंबईच्या दमट हवेत वर्षभरात पुसट होतात.